अकरा ठिपके

एक पत्र्याची पेटी. तिच्या आत दोन पंखे, एक गप्प फिरणारा आणि एक कुरकुरणारा. एक हार्ड डिस्क. एक पडदा, त्याच्या उजव्या कोपऱ्यात केसाएवढी रेघ. एक माउस. कीबोर्डवर एकशे चार कळा. त्यांतल्या एकशे तीन चालतात, एक चालत नाही.

मित्रांनो, हे सगळं मिळून मी. मी एक जुना संगणक आहे. रोह्याला एका बैठ्या घरात, खिडकीखालच्या टेबलावर माझा मुक्काम असतो.

माझा जन्म कारखान्यात झाला असं म्हणता येत नाही. माझे भाग निरनिराळ्या देशांतून आले आणि पेणच्या एस.टी. स्टँडजवळ एका दुकानात, एका दुपारी, स्क्रू कसून एकत्र केले गेले. मला घ्यायला आले ते सॉलोमन घोसाळकर. त्यांचं तिथेच टायपिंगचं आणि छपाईचं छोटं दुकान होतं. सगळे त्यांना सॉलोमनकाका म्हणत. टायपिंग शिकायला येणारी मुलं सर म्हणत.

काकांच्या हाताखाली मी खूप काम केलं. पापडाच्या पाकिटांवरची लेबलं, लग्नपत्रिका, गणपतीच्या कारखान्यांची दरपत्रकं, आरतीच्या पुस्तिका. काका ज्यू, कोकणातल्या जुन्या मराठी ज्यू घराण्यातले. पण आरतीच्या पुस्तिकेत एक वेलांटी चुकली तरी ते छपाई थांबवत. मूर्तींचे कारखानदार पोपटशेठ एकदा हसून म्हणाले होते, "सॉलोमनशेठ, गणपती आमचा, पण वेलांटी तुमची!" त्या दिवशी काकांनी मला स्वतःच्या रुमालाने पुसलं होतं.

शुक्रवारी दिवेलागणीच्या आत ते मला बंद करून वर कापड घालत. शनिवारी दुकान उघडत नसे. गिऱ्हाइकांनाही ते पाठ होतं.

पुढे काकांनी दुकान आवरलं आणि मी त्यांच्यासोबत रोह्याला आलो. इथे त्यांनी माझ्याकडून वेगळंच काम करून घेतलं. समोर माइक ठेवून ते गाऊ लागले. त्यांच्या आईने शिकवलेली मराठी कीर्तनं, लग्नातली गाणी, नाव फुटून काठाला लागलेल्या पूर्वजांचं गाणं. एकेक गाणं मी साठवत गेलो. दुकानात असताना गिऱ्हाइकांच्या फायली परक्याने उघडू नयेत म्हणून काकांनी मला पासवर्ड लावला होता आणि एका फोल्डरला संरक्षण दिलं होतं. सवयीने गाणीही त्यांनी त्याच फोल्डरमध्ये ठेवली.

मग श्रावणात त्यांना पक्षाघाताचा झटका आला. हात-पाय सावरले, पण शब्द गेले. मी कापडाखाली राहिलो. पावसाळ्याची ओल आणि मुंग्या, दोन्ही माझ्या कीबोर्डात शिरल्या.

दिवाळीनंतर काकांची बायको फ्लोराकाकी त्यांना पेणला दाखवायला घेऊन गेल्या. तिथे पंधरा दिवसांतून एकदा सोमवारी वाचा-उपचार करणाऱ्या वैशालीताई येतात. त्यांनी काकांना दहा मिनिटं बोलतं करायचा प्रयत्न केला आणि शब्द मोजले. एक शब्द. "तेली." पुन्हा पुन्हा तोच.

"बोलणं आणि गाणं मेंदूत अगदी एकाच वाटेने जात नाही," वैशालीताई म्हणाल्या. "बोलणं अडलेल्या माणसाला कधी कधी गाता येतं. गाण्याला धरून शब्द परत येऊ शकतात. त्यांच्या ओळखीची गाणी आहेत का? त्यांच्याच आवाजातली असतील तर फारच छान. पुढच्या खेपेला आणा. आत्ताचे महिने महत्त्वाचे आहेत."

"मी म्हणून दाखवू?" काकींनी विचारलं.

"दाखवा की."

काकींनी सूर लावला. काकांनी दोन्ही कानांवर हात ठेवले.

"बघितलंत?" काकी म्हणाल्या. "शब्द गेले, पण कान शाबूत हायत."

गाणी माझ्यात होती. मी कुलूपबंद होतो. आणि पासवर्ड ज्यांना ठाऊक होता त्यांना तो सांगता येत नव्हता.

तुम्ही विचाराल, तुला तरी तो ठाऊक असेल ना? नाही, मित्रांनो. संगणक पासवर्ड जसाच्या तसा ठेवत नाही. तो दळून त्याचं पीठ ठेवतो. पिठावरून तांदूळ परत करता येत नाहीत. कोणी तांदूळ आणून दिले की मी ते दळतो, आणि पीठ जुळलं तरच दार उघडतो.

पहिला प्रयत्न शेजारच्या अक्षयने केला. तो कंपनीत शिफ्टला जातो आणि मोबाइल, टीव्ही, मिक्सर, काहीही उघडायला घाबरत नाही. त्याने भराभरा वीस-पंचवीस शब्द टाकून पाहिले. मी प्रत्येक वेळी नाही म्हटलं.

"काकी, टेन्शन नको," तो म्हणाला. "पासवर्ड उडवायचं सॉफ्टवेअर हाय माझ्याकडं. रविवारी सुट्टी हाय, दहा मिनटांत उघडतो."

त्याच संध्याकाळी अपेक्षा आली. ती पेणजवळच्या जिते गावची. शाळेत असताना पेणला काकांकडे टायपिंग शिकली, मग भौतिकशास्त्र घेऊन पदवीधर झाली. आता रोह्याच्या एका कॉलेजात प्रयोगशाळेत काम करते आणि गाडीने ये-जा करते. सरांना भेटायला म्हणून आली होती. अक्षयचा बेत ऐकून तिने आधी कॉलेजातल्या माहीतगार माणसाला फोन लावला.

"सॉफ्टवेअर नको," फोन ठेवून ती म्हणाली. "त्या फोल्डरचं संरक्षण पासवर्डाला बांधलेलं आहे. पासवर्ड उडवला तर संगणक उघडेल, पण गाणी कायमची बंद. नावं दिसतील, वाजणार एकही नाही. डिस्क काढून दुसरीकडे जोडली तरी तेच."

"मग काय करायचं?"

"खरा पासवर्ड शोधायचा."

"सोमवारी पेणला जायचंय, गो," काकी म्हणाल्या. "रविवारपर्यंत तू बघ. नायतर अक्षय बघेल. नाय उघडला तरी गाणी नाय, उघडून नाय वाजली तरी नाय. मला दोन्ही सारखंच."

"सारखं नाही, काकी. बंद दार पुढेही उघडता येईल."

ती माझ्यासमोर बसली, पण तिने एकही शब्द टाकला नाही. "आधी कुलूप बघू, मग किल्ली," ती म्हणाली.

माझ्या पडद्याच्या कोपऱ्यात भाषेची खूण असते. तिथे मराठी होतं. म्हणजे अक्षयने दाबलेलं प्रत्येक इंग्रजी अक्षर माझ्याकडे देवनागरीत येत होतं. पासवर्डाच्या जागी फक्त ठिपके दिसतात आणि ठिपक्यांना लिपी नसते. तिने भाषा बदलली. मोठ्या अक्षरांची कळ चुकून लागलेली नाही ना, ते पाहिलं. मग एकेक कळ दाबत ठिपका उमटतो का ते बघत गेली. एका कळेला ठिपका आला नाही. टी.

"एक कळ मेली तर काय एवढं?" अक्षय म्हणाला.

"पासवर्डात ते अक्षर असेल तर खरा पासवर्डसुद्धा चूक ठरेल."

अक्षयने कीबोर्ड उलटा करून झटकला. मेलेल्या मुंग्या पडल्या. टी मात्र उठली नाही. दुसऱ्या दिवशी अपेक्षा जित्याहून स्वतःचा कीबोर्ड पिशवीत घालून घेऊन आली.

चूक पासवर्ड टाकला की मी मालकाने लिहून ठेवलेली खूण दाखवतो. घाईत अक्षयने न वाचलेली ती खूण अशी होती: आमचं जुनं नाव.

आता अंदाज सुरू झाले. घोसाळे गावाचं नाव. काकांच्या वडिलांचं, आजोबांचं नाव. दुकानाचं पहिलं नाव. अपेक्षा प्रत्येक शब्दाची अक्षरं मोजी, टाके, ठिपके मोजी आणि मगच एंटर दाबी.

"काकी, तुमचं माहेरचं आडनाव काय?" अक्षयने विचारलं.

"झिराडकर."

टाकलं. मी नाही म्हटलं.

"म्हणजे काकांचं तुमच्यावर काय खास प्रेम नव्हतं!"

"नव्हतंच रे. चाळीस वर्षं नुसती वेलांटी बघत बसले. चल, चहा घे आणि पळ, शिफ्ट हाय ना तुझी?"

खुर्चीत बसलेले काका एकदम म्हणाले, "तेली! तेली!"

काकी उठल्या आणि खोबरेल तेलाची बाटली घेऊन आल्या. "दिवसभर तेल मागतात. सकाळपास्नं तीनदा चोळलं. आणखी किती चोळू?" काकांनी बाटली ढकलून दिली आणि तोंड फिरवलं. तेल जमिनीवर सांडलं. काकींनी ते पुसून घेतलं.

शुक्रवार संपला. मी उघडलो नव्हतो.

शनिवारी मी बंद होतो, म्हणून हा भाग काकींनी नंतर अक्षयला सांगितला तसा सांगतो.

कॉलेज अर्धा दिवस होतं. अपेक्षा दुपारी आली आणि तिने सरळ माझ्या कापडाला हात घातला.

"आज शनवार, गो," काकी म्हणाल्या. "आज मशीन नाय लावायची."

"फक्त मी टाइप करीन. तुम्ही हातही लावू नका."

"घर माझं हाय ना? तीन तारे दिसले की शनवार सुटला. मग बस रातभर."

अपेक्षा खाली बसली. हट्ट करून उपयोग नव्हता. थोड्या वेळाने तिने विचारलं, "सर दुकानातही शनिवारी कधी यायचे नाहीत. पहिल्यापासून असंच का?"

"पहिल्यापास्नं म्हणजे बापजाद्यांपास्नं. आमचे लोक तेलाचे घाणे चालवायचे. सगळे तेली रोज घाणा फिरवायचे, आमचे मात्र शनवारी बैल सोडून द्यायचे. तेलाला आलेलं माणूस परत जायचं. म्हणून गाववाले आम्हांला म्हणायचे..."

"तेली!" खुर्चीतून काका ओरडले. "तेली! तेली!"

काकींचा हात बाटलीकडे गेला.

"थांबा काकी," अपेक्षा म्हणाली. "काय म्हणायचे?"

"शनवार तेली."

काकींचा हात बाटलीवरच राहिला. काकांनी डोळे मिटले आणि मान हलवली. एकदा नाही, पुष्कळदा.

त्या खोलीत तिघांनाही नाव कळलं होतं. मी दोन हातांवर होतो. कोणी मला हात लावला नाही. काकी तांदूळ निवडत बसल्या. अपेक्षाने खिडकीतून सावली भिंतीवर किती चढली ते पाहिलं, पुन्हा पाहिलं, मग पाहायचं सोडून काकींसोबत खडे वेचू लागली. दिवेलागणीला अक्षयही आला आणि सगळे अंगणात उभे राहिले.

"एक," काकी म्हणाल्या. "तो दुसरा. आणि तो बघ तिसरा."

"काकी, ते विमान हाय."

"गप रे. मग तो, आंब्याच्या वर. तो तर नाय ना हलत?"

तो हलत नव्हता.

माझ्यावरचं कापड निघालं. दोन्ही पंखे फिरू लागले. अपेक्षाने कोपऱ्यातली भाषा पाहिली आणि टाइप केलं. बारा इंग्रजी अक्षरं, बारा ठिपके. मी दळून पाहिलं. पीठ जुळलं नाही.

अक्षय म्हणाला, "गेलं! उद्या माझ्या सॉफ्टवेअरनेच..."

"एक मिनिट." अपेक्षाने खुर्ची मागे सरकवली. तिने शनिवार टाकलं होतं, काकांनीच तिला शिकवलं होतं तसं, नीट शुद्ध. "काकी, ते नाव परत म्हणा. वाचल्यासारखं नको. गाववाले हाक मारायचे तसं."

"शनवार तेली."

"शनवार," अपेक्षा म्हणाली. "मध्ये 'नि' नाहीच, नुसता 'न'."

तिने बाकी काही बदललं नाही. फक्त एक अक्षर गाळलं, आय. अकरा कळा. अकरा ठिपके. मधला टीचा ठिपकाही उमटला. तिने एंटर दाबलं.

पीठ जुळलं.

मित्रांनो, इतके दिवस मी प्रत्येकाला नाही म्हणत होतो. नाही म्हणणं हे माझं काम आहे आणि ते मी चोख केलं. पण त्या संध्याकाळी हो म्हणताना माझा कुरकुरणारा पंखाही काही वेळ गप्प झाला होता, असं अक्षय सांगतो.

अपेक्षाने आधी गाणं लावलं नाही. आधी सगळी गाणी संरक्षणाबाहेर काढली, एक प्रत पेन ड्राइव्हवर घेतली आणि एक अक्षयच्या मोबाइलमध्ये घातली. मग माझा पासवर्ड काकींकडून तीन वेळा म्हणून घेतला.

तुम्हालाही माझी एवढीच विनंती आहे. तुमच्या घरातही माझ्यासारखा कोणी असेल. त्याच्यात तुमच्या माणसांचे आवाज असतील. त्यांची दुसरी प्रत आजच करा आणि कुलूप कसं उघडतं ते घरात आणखी एकाला ठाऊक असू द्या. आणि तो कधी अडलाच, तर रागाने त्याच्यावर घाव घालू नका. भाषा बघा, कळा बघा, ठिपके मोजा. एका वेळी एकच गोष्ट बदला. आणि एखादं माणूस पुन्हा पुन्हा एकच शब्द म्हणत असेल, तर तेल आणायच्या आधी तो शब्द नीट ऐका.

सोमवारी काका-काकी पेणला गेले. अपेक्षा जित्याहून परस्पर तिथे आली. वैशालीताईंनी पूर्वजांचं गाणं लावलं, 'काठ दिसला गो, काठ दिसला', आणि मागच्या वेळेसारखीच दहा मिनिटं मोजली.

गाण्याबरोबर सदतीस शब्द. गाणं थांबल्यावर तीन: "फ्लोरा, चहा हाय?"