आतला माणूस

"पत्र्याला कुणाच्या डोळ्यांची गरज नसते," फोरोमामा म्हणाले आणि अंगणात रचलेल्या पत्र्यांवर त्यांनी थाप मारली. पत्रे दणाणले.

उर्बानामामी चुलीपाशी रताळी सोलत होती. तिने मानही वर केली नाही. "वाजवा, अजून वाजवा. पावसात ते रात्रभर वाजतील, तेव्हा झोपा सुखानं. उद्या सगळं गाव गवत घेऊन येतंय, आणि यांना आज पत्रे आठवले!"

पत्रे त्यांच्या मुलाने मनिलाहून बोटीने पाठवले होते, मामांनीच मागवले म्हणून.

आमच्या साबतांग बेटावर छप्पर शाकारायला गाव लागतं. सकाळी सगळे येतात, दिवस मावळायच्या आत छप्पर बंद करतात, जेवतात आणि घरी जातात. बाकीचे वर चढतात, पण एक जण घरात, छपराखाली उभा राहतो. वरचा माणूस वेत ओवलेली लांब सुई गवतातून खाली खुपसतो. आतला माणूस तो वेत वाशाला वळसा देऊन सुई परत वर ढकलतो. दिवसभर त्याच्या डोळ्यांत कचरा पडत असतो. शेवटी छपरातून उजेडाचा एकही ठिपका दिसेनासा झाला, की त्याने आतून ओरडायचं, "अंधार!" तोवर कुणी खाली उतरत नाही, जेवणाला हात लावत नाही. जेवणाचं पहिलं पानही त्याचंच.

गावाचा आतला माणूस म्हणजे फोरोमामा, तरुणपणापासून. आमच्या दगडी घरांचे फोटो काढायला लोक लांबून येतात, जाडजूड भिंतींवर हात फिरवतात, चुन्याचं कौतुक करतात. ते खरंच आहे. पण पाणी एकदा भिंतीच्या माथ्यातून आत झिरपलं, की चुना भुसभुशीत होतो आणि भिंत पोट काढते. ही घरं इतकी वादळं झेलून उभी आहेत, त्यातलं निम्मं श्रेय मी मामांच्या त्या एका शब्दाला देते. मी भौतिकशास्त्र शिकून गावच्या शाळेत शिकवायला परत आले, तेव्हा त्यांचं काम मला पहिल्यांदा नीट दिसलं.

पण गेल्या वर्षी सोलेदादमावशीच्या घरात ते "अंधार" म्हणाले, आणि पहिल्याच वादळात तिच्या पलंगावर धार लागली. मावशीने पलंग मुकाट्याने दुसऱ्या कोपऱ्यात सरकवला. मामांना मात्र ते कळलं. ते खोटं बोलले नव्हते, त्यांना अंधारच दिसला होता. डॉक्टर म्हणाले, काचबिंदू. गेलेली नजर परत येत नाही. त्यानंतर मामा कुणाच्याही छपराखाली गेले नाहीत. आता पाळी त्यांच्या स्वतःच्या घराची होती, त्यांच्या आजोबांच्याही आधीपासून गवत पांघरत आलेल्या घराची.

दुसऱ्या दिवशी सकाळी माणसं आली. जुनं गवत उतरलं, नवे भारे वर चढले. मार्सियानो आढ्यावर बसून ओरडला, "मामा, ते पत्रे आमच्या डुकरांना द्या की! बिचारी भिजतात."

"तुलाही घेतील आत," मामा अंगणातूनच म्हणाले. सगळे हसले. मग मार्सियानोने सुई हातात घेतली आणि विचारलं, "आत कोण आहे?"

मामा गवताच्या भाऱ्यावर बसून राहिले.

भाताला हळद लावणारी सोलेदादमावशी हात पुसत उठली. "फोरो, आत जा."

"सोले, तुझा पलंग भिजला होता."

"पलंग वाळला. तू जा."

मामा उठले आणि मला म्हणाले, "पोरी, तू चल. माझे नुसते हातच राहिलेत."

आत गवताचा वास कोंदला होता. सुई खाली आली की तिच्या सळसळीवरूनच मामांचा हात बरोबर तिच्यावर जायचा. वळसा, हिसका, वर. वरून हाक आली की तीच हालचाल पुन्हा. त्या हातांना एकदाही चाचपडावं लागलं नाही. दुपार कलली. समुद्रावर ढग जमायला लागले आणि ऊन छपराच्या मागच्या उतारावर आलं.

"बघ आता," मामा म्हणाले. "मान मोडेपर्यंत वर बघ."

मी वर बघितलं. धूळ आणि वाळलेल्या गवताचा करडा रंग, बाकी काही दिसेना. डोळ्यांतून पाणी यायला लागलं तशी मी मान खाली घातली. तेव्हा दिसलं. मामांच्या खांद्यावर उजेडाची एक वाटोळी टिकली होती. भोक कसंही वेडंवाकडं असलं, तरी अशी टिकली वाटोळीच पडते, कारण ते सूर्याचं चित्र असतं.

"मामा, हलू नका. तुमच्या खांद्यावर सूर्य आहे."

"आं? मी जन्मभर वरच बघत राहिलो की गं!"

मी त्यांचं बोट धरून धुळीतल्या तिरिपेवरून वर वर नेलं. ते बोट गवतात शिरलं. "मार्सियानो! इथे!" आतून गवत हलवत मामांनी हाक दिली. सुई आली, परत गेली. वेत आवळला. खांद्यावरची टिकली विझली.

पण टिकली भोक बुजल्याने विझली, की ढग आला म्हणून? मी दारात धावले. समोरच्या घराच्या भिंतीवर अजून पिवळं ऊन होतं. परत येऊन मी मामांचे खांदे, पाठ, सगळी लाकडी जमीन कोपऱ्या-कोपऱ्यातून पाहिली.

"ऊन आहे, मामा. ठिपका कुठेच नाही."

"मग बोल."

"तुम्ही बोला ना. तुमचं घर आहे."

"मला सकाळपासून अंधारच आहे," मामा हसले. "माझं काय ऐकायचं? तू बोल."

"अंधार!" मी ओरडले. आवाज चिरकला. वरचं कुणी लगेच उतरलं नाही. त्यांचे कान दुसऱ्या आवाजाची वाट पाहत होते. मग मार्सियानो म्हणाला, "ऐकलं ना रे? उतरा!"

अंगणात मामीने नीरफणसाच्या पानावर हळदीचा भात, खारवलेलं डुकराचं मांस, रताळं वाढलं. मामांनी सवयीने हात पुढे केला. मामी थबकली आणि तिने माझ्याकडे पाहिलं.

"तिला दे," मामा म्हणाले.

पान माझ्या हातात आलं. मामांचा हात अजून पुढेच होता. त्यांनी तो तसाच थोडा वर नेला आणि माझ्या केसांत अडकलेली गवताची काडी काढली, चाचपडल्याशिवाय.