कर्नाळ्याचा उलटा सुळका

करंजाड्यातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सकाळपासून रांग लागली होती. पितळी दुर्बिणीतून कर्नाळ्याचा सुळका पाहायचा. तो उलटा दिसला की समजायचं, आपले ग्रह उलटे. आणि सुळका सगळ्यांनाच उलटा दिसत होता!

"घाबरू नका. ग्रहसुलटी विधी केला की झालं!" दुर्बिणीशेजारी बसलेले ज्योतिषी मिथुनमहाराज म्हणत. दक्षिणा ठेवली की ते पिवळ्या कापडाआड दुर्बीण नेऊन मंत्र पुटपुटत. परत आणल्यावर पाहावं, तर सुळका खरंच सरळ.

पनवेलच्या बाजारात चष्म्याचं दुकान चालवणारी रेवा रांगेत उभी होती ती सुनीताआत्यासाठी. आत्याला मोतीबिंदू. ऑपरेशनची तारीखही ठरली होती. पण महाराज म्हणाले, "ग्रह सुलटे झाले, आता डोळ्याला सुरी कशाला? मध घाला." आत्याने ऑपरेशन रद्द केलं, वर ही दुर्बीणही महाराजांना देऊन टाकली.

दुर्बीण मुळात रेवाच्या आजोबांची. ते नाटकांचे पडदे रंगवायचे; डोंगर रंगवण्याआधी तासन्‌तास तिला डोळा लावून बसायचे. लहानपणी त्यांच्या मांडीवरून रेवाने हाच सुळका कितीदा पाहिला होता. सरळ. कुठल्याही विधीशिवाय.

तिची पाळी आली.

"उलटा ना?" महाराजांनी विचारलं.

"हो. जरा दुसरीकडे बघते." तिने दुर्बीण चौकातल्या महाराजांच्याच फ्लेक्सकडे वळवली आणि तिला हसू फुटलं. "अनंतादादा, तुम्ही बघा."

मागे उभ्या असलेल्या अनंता रिक्षावाल्याने डोळा लावला. "अगो बाय! म्हाराज तं खाली डोकं वर पाय!"

गच्ची खदखदून हसली.

"दुर्बीण कोपलीय! हात लावू नका!" महाराज ओरडले. तोवर रेवाने पिवळं कापड उचललं होतं. खाली एक छोटी पितळी नळी होती. तिने ती दुर्बिणीत बसवली. सुळका सरळ. काढली. उलटा.

"पुढच्या भिंगामुळे चित्र उलटं दिसतं," ती म्हणाली. "या नळीतली भिंगं ते पुन्हा सरळ करतात. मंत्र म्हणा नाहीतर पाढे."

महाराजांनी झोळी उचलली आणि जिना गाठला.

कठड्याशी बसलेली आत्या उठून रेवाजवळ आली. मग हळूच म्हणाली, "कळत होतं गं थोडं. पण ऑपरेशनची भीती वाटत होती."

"मग ती डॉक्टरांना सांगूया. मी येते बरोबर."

पुढच्या सोमवारी ऑपरेशन झालं. चार दिवसांनी आत्या खिडकीत बसून समोरच्या दुकानांच्या पाट्या मोठ्याने वाचत होती.

भीती कुणाला चुकत नाही. पण तिच्यावर इलाज सांगणाऱ्याला आधी एक प्रश्न जरूर विचारा. प्रश्नानेच जो चिडतो, त्याच्या हाती आपले डोळे देऊ नका.