आमुनचा डबा

१९५८ साली बर्गनमध्ये ल्युंगस्ताद मास्तर इंग्रजी-नॉर्वेजियन शब्दकोश करत होते. बोर्गिल त्यांच्याकडे तीन महिने चिठ्ठ्या लिहायला होती. एका चिठ्ठीवर एक इंग्रजी शब्द, खाली नॉर्वेजियन अर्थ. शनिवारी शेवटचं पुडकं पसंत पडलं तर नोकरी कायम, नाहीतर पुन्हा कारखान्यात सार्डिन माशांची डोकी छाटायची.

त्या पुडक्यात ‘दाखवणे’, ‘खूण’, ‘दर्शक’ आणि क्रियापदाचा निर्देशार्थ, असे एकाच इंग्रजी मुळाचे शब्द होते. भिजू नयेत म्हणून तिनं ते मेणकागदात बांधले. आमुनचा, तिच्या नवऱ्याचा, डबाही ती रोज तशाच कागदात बांधायची.

मास्तरांनी पुडकं सोडलं. आत पावाचे चार तुकडे, वर तपकिरी चीज.

“बाई, हा कुठल्या शब्दाचा अर्थ?”

“मास्तर, नवऱ्यानं डब्याऐवजी चिठ्ठ्या नेल्या. फेरीबोटीच्या इंजिनावर असतो तो. बोट तीनला येते.”

“चारपर्यंत बसेन. मग कुलूप.”

ती धक्क्यावर उभी राहिली. आमुन पुडकं हलवत उतरला.

“कागद खायला घालतेस होय गं? दिवसभर उपाशी आहे!”

“दे इकडे. हे काय? तेलाचे डाग?”

“‘दर्शक’पाशी तू नुसता ‘काटा’ लिहिलायस. काटा घड्याळाला. आमच्याकडे सिलिंडरचा दाब कागदावर काढून दाखवतं ते अख्खं यंत्र असतं. लिहून टाकलं खाली.”

“मेल्या, माझी नोकरी जाईल!”

“मग खोड.”

खोडायला वेळ नव्हता. ती चिठ्ठी काढून घ्यावी असं तिच्या मनात आलं, पण शब्द गळाला असता. तिनं सगळं तसंच मास्तरांपुढे ठेवलं.

मास्तरांनी ‘दर्शक’ची चिठ्ठी दिव्याखाली धरली. “अक्षर कोणाचं?”

“नवऱ्याचं.”

त्यांनी ती ठेवून घेतली. मेणकागद घडी करून परत दिला. पाव संपला होता.

“सोमवारी पुढचं पुडकं न्या. इंजिनातले शब्द त्याला दाखवून आणा. आणि चीज जरा जाड कापत जा.”

कोश सहा वर्षांनी निघाला. प्रस्तावनेत बारीक टायपात बोर्गिलचं नाव आहे, आमुनचं नाही. खाडीवर पूल झाल्यावर आमुनची बोट मोडीत गेली. तो शाळेच्या बॉयलरवर लागला आणि तिथूनच निवृत्त झाला. मास्तर दुसऱ्या आवृत्तीआधी वारले. बोर्गिल कोशाच्या कामावर शेवटच्या अक्षरापर्यंत टिकली. चिठ्ठ्यांची पुडकी मात्र ती पुढे दोऱ्यानं बांधायची, लाल.