सोळा व्हेरी निळा

आमच्या मामाला इंग्रजीतला एकच शब्द येत होता, आणि तोही तो पळीनं मोजायचा.

मामा रंगखान्यात मुख्य रंगारी. कढई त्याची, पळी त्याची, कढईपाशी उभं राहून शिंकायची परवानगीसुद्धा त्याचीच. मी तिथं कापड वाळत घालायच्या कामावर होतो, त्यामुळे सांगतोय ते डोळ्यांनी पाहिलेलं. जे पाहिलं नाही तेही सांगणार आहे, आणि ते जरा जास्तच खरं आहे.

समुद्रापलीकडचा एक म्हातारा पडदेवाला आमच्याकडून कापड रंगवून घ्यायचा. त्याची पत्रं इंग्रजीत, आणि सगळ्या गोतावळ्यात इंग्रजी येणारी एकटी मामी. पहिलंच पत्र आलं: 'व्हेरी ब्लू.'

मामा म्हणाला, "निळा समजलं. हे व्हेरी किती?"

"किती म्हणजे? पुष्कळ."

"पुष्कळ कढईत टाकता येत नाही गं. नेमकं सांग."

मामीच्या हातात शिवण होतं, तोंडात सुई होती. तिनं वैतागून पळीकडे बोट केलं.

झालं. त्या दिवसापासून एक व्हेरी म्हणजे एक पळी. नुसतं 'ब्लू' आलं की कढईतला रोजचा रंग, 'व्हेरी ब्लू' आलं की वर एक पळी. म्हातारा तोलून मापून लिहिणारा. अकरा वर्षांत एकदाच त्यानं दोन व्हेरी लिहिले, तर त्या दिवशी रंगखान्यात कुणी मोठ्यानं बोललं नाही. हळूहळू माप घरातही शिरलं. मामी चहात अर्धा व्हेरी साखर घालायची आणि मामाचा गुडघा थंडीत तीन व्हेरी दुखायचा.

मग म्हातारा थकला. धंदा त्याच्या लेकीनं हातात घेतला. नेमकं त्याच सुमाराला आमच्या मालकांनी आपोआप रंग कालवणारं यंत्र मागवलं. खोकं अंगणात येऊन पडलं.

मालक म्हणाले, "रंगारी, या बाईंची पहिली मागणी तुमच्या हातची. पसंत पडली तर यंत्र परत पाठवतो. नाही पडली तर खोकं उघडतो, आणि तुम्ही घरी बसा."

मामाला घरी बसायची सवय नव्हती. मामा घरी बसलेला बघायची मामीला त्याहून नव्हती.

बाईंचं पत्र आलं. म्हाताऱ्याचं पत्र चार शब्दांचं असायचं, हे चार पानांचं. मामी वाचत गेली आणि दर व्हेरीला मामा खडूनं भिंतीवर रेघ मारत गेला. बाईंना पत्र लिहिताना व्हेरी व्हेरी आनंद होत होता. वडील मामाबद्दल व्हेरी चांगलं बोलायचे. तिकडे व्हेरी व्हेरी व्हेरी थंडी होती. मामाची तब्येत व्हेरी बरी असावी, मामीचीही व्हेरी बरी असावी, आणि बाईंच्या कुत्र्याची तर होतीच. चारही पानं अशीच.

"अहो, थांबा," मामी म्हणाली. "हे व्हेरी थंडीला आहेत. रंगाला नाहीत."

"व्हेरी तो व्हेरी. कागदावर आला म्हणजे कढईत गेला. अकरा वर्षं हेच चाललंय."

"अकरा वर्षं तो बाबा रंगाशिवाय कशावर बोललाच नाही!"

"पुढं वाच."

शेवटी बाईंनी कामाचं लिहिलं होतं: निळा, पण 'नॉट व्हेरी.'

"बघा!" मामी म्हणाली. "नॉट म्हणजे नाही."

मामानं भिंत मोजली. सतरा. मग अगदी प्रामाणिकपणे एक रेघ पुसली. "सोळा."

मामीनं कपाळाला हात लावला. मामानं पळीला.

ते कापड मी दोरीवर घातलं तेव्हा भर दुपार होती. शेजारच्या कोंबड्या सांज झाली समजून खुराड्यात गेल्या. पोस्टमन आला तो बूट हातात घेऊन, पायजमा गुडघ्यापर्यंत वर करून, कापडाच्या सावलीत पाणी किती खोल आहे ते काठीनं चाचपत. एक पांढरी मांजर पडद्याखालून गेली; ती पलीकडे निघाली की नाही यावर अजून वाद आहे.

पत्रात कळवल्याप्रमाणे चौथ्या दिवशी बाई स्वतः आल्या. नव्या गिऱ्हाइकानं पाहिल्याशिवाय आम्ही रंग पक्का करत नसू, म्हणून कापड तसंच दोरीवर होतं. बाईंनी पाहिलं. ज्या बाईला थंडी सांगायला तीन व्हेरी लागले, तिला एकही शब्द सुचेना. मालकांनी निमूटपणे पहार उचलली आणि ते खोक्याकडे निघाले.

मामा पळी घेऊन ताठ उभा होता. तो मामीला म्हणाला, "विचार तिला. माझी तब्येत विचारायला व्हेरी कशाला लागतो? मी बरा आहे की नाही, एवढंच ना?"

मामीनं विचारलं, आणि बाईंना भिंतीपाशी नेऊन रेघा दाखवल्या. ही थंडी. हे वडील. हा कुत्रा. बाई कानापर्यंत लाल झाल्या. (लालाचं माप आमच्याकडे नव्हतं, नाहीतर सांगितलं असतं.) त्यांनी पदर नव्हता म्हणून बाहीनंच एक रेघ पुसली. कुत्र्याची.

मामानं भिंतीकडे पाहिलं, कापडाकडे पाहिलं. "एक कमी!" तो ओरडला. "हौदात घाल रे!"

मी कापड स्वच्छ पाण्यात बुचकळून पिळलं. निळा एक पायरी उतरला. बाईंनी आनंद पुसला, दोन बुचकळ्या. वडिलांवर हात अडखळला, पण तोही पुसला. थंडी गेली तेव्हा माझे हात कोपरापर्यंत निळे होते आणि मालक पहार खांद्यावर ठेवून बघत उभे होते.

असं एकेक पुसत भिंतीवर तीन रेघा उरल्या आणि बाई एकदम म्हणाल्या, "स्टॉप!"

पिळून धरलेल्या कापडावर ऊन पडलं होतं. पत्रात मागितलेला निळा तो नव्हता, त्याहून गडद होता. बाईंनी कापड दोन्ही हातांत घेतलं, गालाशी नेलं आणि मामाकडे बघून म्हणाल्या, "धिस ब्लू."

मामानं मामीकडे पाहिलं. "व्हेरी नाही म्हणाली?"

"नाही. हाच, म्हणाली."

"मग कर पक्का," मामा मला म्हणाला, आणि पहिल्यांदाच खाली बसला.

मालकांनी पहार कोपऱ्यात ठेवली. "यंत्रात रंग घालता येतो," ते पुटपुटले, "बोललेलं परत घेता येत नाही." मग मामीला म्हणाले, "वहिनी, यंत्रवाल्यांना इंग्रजीत दोन ओळी लिहून द्या. यंत्र परत पाठवतोय, व्हेरी सॉरी."

मामी लिहायला बसली. मामानं तिच्या खांद्यावरून कागदात डोकावून पाहिलं.

"नुसतं सॉरी लिही," तो म्हणाला. "आपल्याला कुठं तेवढं वाईट वाटतंय?"