माझी जागा धर

विधी विद्यालयात बड्या वकिलांसोबतच्या तीन सक्तीच्या जेवणांपैकी एक जरी चुकलं, तरी त्या वर्षी वकिलीची सनद नाही. हे एसोसाला पाठ होतं. तिसऱ्या जेवणाच्या दिवशीच तिने आपल्या एकुलत्या एक पांढऱ्या शर्टावर पाम तेल सांडलं. तिच्याच खोलीत राहणाऱ्या लामीने अंगातला इस्त्रीचा शर्ट काढून दिला.

"तू हो पुढे. मी दोरीवरचा घालून येतेच. आणि एसो, माझी जागा धर! तुझ्या बड्या वकिलांच्या नादात विसरशील."

"वेडी आहेस का?"

भोजनगृहात एसोसाने शेजारच्या खुर्चीवर पिशवी ठेवली. वर्षभर तिला एकच ध्यास होता, ओळखी. बाप मेकॅनिक, वकिलीत कुणी काका नाही की मामा नाही. तेवढ्यात राजधानी आबुजातल्या सर्वांत मोठ्या वकिली कचेरीच्या मालकाचा भाचा आग्बोन तिथे आला.

"इथं कुणी आहे का?"

"नाही, बसा ना," असं म्हणून एसोसाने पिशवी मांडीवर घेतली.

दार बंद व्हायला दोन मिनिटं असताना लामी धापा टाकत आली. खांद्यांवर शर्ट अजून ओलाच होता. दारावरच्या माणसाने हात आडवा केला.

"खुर्ची शिल्लक नाही, मॅडम."

"माझ्या मैत्रिणीने धरलीय. एसो!"

"कुणी जागा धरली आहे का हिच्यासाठी?" त्याने मोठ्याने विचारलं.

एसोसाने जोलोफ भाताच्या ताटातून मान वर केली नाही. दार लागलं.

आठवड्याने तिने आग्बोनला फोन केला. "कोण एसोसा?" असं विचारून त्याने ठेवून दिला. संपली ओळख! ओळखीचा चोर जीवे न सोडी म्हणतात. एसोसाने लामीचं वर्ष तेवढं चोरलं. लामीला सनद पुढच्या वर्षी मिळाली. एसोसा माफी मागायला दोनदा तिच्या दारापर्यंत गेली आणि दोन्ही वेळा लाजेने परत फिरली.

बारा वर्षांनी बेनिन शहरातल्या कोर्टात दोघी एकाच बाकावर आल्या. लामी पहाटेची गाडी धरून लोकोजाहून आली होती. तिचं प्रकरण यादीत वर होतं. पण इथे ज्याची सनद जुनी, त्याचं आधी ऐकतात. एसोसाची सनद एका वर्षाने जुनी होती.

"लामी, तुझं आधी होऊ दे. लांबून आलीयस. मी थांबते, खरंच."

लामी अदबीने अर्धी उठली आणि तिने बाकावरची आपली पिशवी मांडीवर घेऊन एसोसाला पुढे जायला वाट करून दिली.

"छे, सीनियर. आधी तुम्ही."

कारकुनाने सनदेचं वर्ष विचारलं. एसोसाने ते सांगितलं. लामीने फायलीतून मान वर केली नाही.