दुहेरी वजाबाकी

बिझनेस स्कूलला अर्ज करणाऱ्यांना प्रवेशाची शक्यता किती, हे सांगणं हा बाईंचा व्यवसाय होता. त्याआधी त्या अशाच एका स्कूलच्या निवड समितीवर होत्या. तिथे त्यांना एक सवय जडली: अर्जात जे लिहिलंय त्यातलं दोन तृतीयांश सोडून द्यायचं आणि उरेल तेवढंच खरं धरायचं. आज सकाळीच एकाने ‘संस्थेत आमूलाग्र परिवर्तन घडवलं’ असं लिहून आणलं होतं. खोदून विचारलं तेव्हा कळलं, त्याने कॉफीचं मशीन दुसऱ्या मजल्यावरून पहिल्यावर आणलं होतं.

त्यामुळे समोर बसलेल्या इंजिनिअरचा अर्ज वाचून बाई चक्रावल्या.

“‘नदीवरच्या पुलाच्या कामात थोडाफार सहभाग,’” त्यांनी मोठ्याने वाचलं. थोड्याफारातून दोन तृतीयांश काढल्यावर हाती काय राहणार? “म्हणजे नेमकं काय केलंत? फोटो काढलेत?”

“आकडेमोड वगैरे,” इंजिनिअर म्हणाला.

“आणि पूल कसा झालाय?”

“बहुधा टिकेल.”

बाईंनी चष्मा काढून ठेवला. “स्पष्टच बोलते. जागा मूठभर, अर्ज ढीगभर, त्यातले निम्मे इंजिनिअर. तुमची शक्यता नसल्यात जमा आहे. यंदा राहू द्या.”

“पुढच्या वर्षी हा वयात बसणार नाही,” शेजारच्या खुर्चीतून आवाज आला. इंजिनिअरची थोरली बहीण सोबत आली होती आणि आतापर्यंत मोठ्या कष्टाने गप्प बसली होती. “आणि मॅडम, हा थोडंफार म्हणतो ना, ते अख्खं असतं. आकडेमोड याची, नकाशे याचे, ठेकेदाराशी भांडणंही याचीच.”

“ताई, भांडणं नव्हती. चर्चा होती.”

“ठेकेदार रडला होता रे ठोंब्या.”

“मग हे लिहिलं का नाहीत?” बाईंनी विचारलं.

इंजिनिअरने खुर्चीत चुळबुळ केली. “आमच्याकडे तसंच असतं. तुळई तीस टन पेलणार असेल तर आम्ही दहा सांगतो. जास्त सांगून चुकलं तर माणसं मरतात.”

बाईंच्या डोक्यात उजेड पडला. त्याने आपल्या बाजूने कापलं होतं, त्यांनी आपल्या बाजूने. दोन्हीकडच्या कात्रीत अख्ख्या पुलाचा जेमतेम नववा हिस्सा उरला होता. आणि समितीवर अजून त्यांच्याच तालमीतली माणसं बसली होती.

“तुम्हाला तिथे जायचंय तरी कशाला?”

“पूल कुठे बांधायचा हे वरच्या मजल्यावर ठरतं,” इंजिनिअर म्हणाला. “पुढचा पूल त्यांनी नदीच्या वळणावर धरलाय. तिथला काठ खचतो. मी सांगायला गेलो, तर म्हणाले, तुम्ही तुमचे आकडे बघा. मला त्या खोलीत बसायचंय.”

“सांगितलंत काय त्यांना?”

“काठ बहुधा खचेल, असं.”

बाईंनी कपाळाला हात लावला.

“मॅडमना ते ट्रकचं सांग,” ताई म्हणाली. “नको, मीच सांगते. चाचणीसाठी पुलावर वाळूने भरलेले ट्रक ओळीने उभे केले. सगळे साहेब लांब मांडवात. हा कुठे होता, विचारा.”

“कुठे होतात?”

“पुलाखाली.”

“का?”

“तिथे सावली होती,” इंजिनिअर म्हणाला.

यातून काय वजा करायचं, ते बाईंना सुचेना. त्यांनी लॅपटॉप त्याच्यापुढे सरकवला.

“हे लिहा. सावलीसकट.”

तो लिहायला बसला. ‘पूल मी उभा केला’ असं टंकून त्याने पुढे ‘इतरांच्या मदतीने’ जोडलं. ताईने हातावर चापट मारली. बरीच खाडाखोड होऊन परिच्छेद तयार झाला. बाईंनी तो सवयीने कमी करत वाचायला घेतला, पण तो काही कमी होईना.

“आता किती?” ताईने विचारलं.

“आता निम्मी.” एवढी शक्यता बाईंनी फार थोड्यांना सांगितली होती.

“निम्मी जरा जास्त होते,” इंजिनिअर म्हणाला. “आईला पाव सांगू.”

“आईला काय सांगायचं ते मी बघते. तू पाठव आधी.”

बटण दाबताना त्याने डोळे गच्च मिटले होते. अर्ज गेल्याचं ताईनेच त्याला सांगितलं.