बोका गेला, पिसवा राहिल्या

दवाखान्यातल्या बाईनं पांढऱ्या कोटांचं गाठोडं उंबऱ्याबाहेरच ठेवलं. आत पाऊल टाकलं नाही.

"कोटांतून पिसवा निघाल्या," ती म्हणाली. "डॉक्टरीणबाई पेशंट तपासता तपासता मान खाजवत होत्या. पुढचे कोट आम्ही दुसरीकडे शिवायला टाकलेत."

धाकटी काही बोलायच्या आत ती फाटकाबाहेर पडलीसुद्धा. धाकटीनं एक कोट उलगडला. कॉलरच्या शिवणीत तिळाएवढा काळा ठिपका दिसला. बोट लावताच तो टुणकन उडाला.

खालच्या मजल्यावर पुढच्या खोलीत धाकटीचं शिवणयंत्र होतं. वर तिची थोरली जाऊ एकटी राहायची. मोठे दीर वारले त्याच वर्षी एक पिवळा बोका थोरलीच्या दारात येऊन बसला, तो उठलाच नाही. थोरली त्याला 'राजे' म्हणायची. "राजे, दूध घ्या. राजे, रागावलात का?" मोठ्या दिरांशी जाऊबाई जन्मात कधी इतकं गोड बोलल्या नव्हत्या, असं धाकटी म्हणायची, वर ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.

त्या दिवशी ती कोट हातात घेऊनच जिना चढली.

"जाऊबाई, तुमच्या बोक्यापायी माझं दवाखान्याचं काम गेलं."

थोरली चष्मा पुसत होती. तिनं तो सावकाश नाकावर चढवला. "माझ्या राजेंना मी रोज फणी फिरवते. पिसवा तुझ्या चिंध्यांत होतात. पलंगाखाली बोचकी, मशीनखाली बोचकी. कधी केर काढतेस का?"

"आणि हा दिवसभर माझ्या कापडावर लोळतो, त्याचं काय?"

"दार उघडं टाकलंस तर लोळणारच. तोंड उघडं टाकतेस, तसंच."

धाकटीनं नवऱ्याला सांगितलं. तो मालाचा टेम्पो चालवायचा; आठवड्यातून दोन दिवस घरी. "तुम्हा दोघींच्या मधे पडण्यापेक्षा मी पिसवांकडून चावून घेईन," तो म्हणाला आणि गेला.

शुक्रवारी दुपारी थोरली वाचनालयात कामाला गेली. धाकटीनं माशाचं डोकं दाखवून बोक्याला खाली बोलावलं, मानगूट धरून जाड कापडी पिशवीत कोंबलं आणि पिशवीचं तोंड चार टाक्यांत शिवून टाकलं. बसमध्ये पिशवी मांडीवर गुरगुरत होती. शेजारचा माणूस उठून दुसरीकडे जाऊन बसला. पुलापलीकडच्या मासळी बाजारात, बर्फाच्या गोदामामागं तिनं कात्रीनं टाके उसवले. बोका बाहेर उडाला आणि मागं न बघता पेट्यांमध्ये शिरला.

"पीडा गेली," ती स्वतःशीच म्हणाली. पण घरी आल्यावर सुईत दोरा ओवायला तिला तीनदा प्रयत्न करावा लागला.

राजे अधूनमधून एखादा दिवस गायब व्हायचे, म्हणून थोरली आधी घाबरली नाही. रविवारी मात्र ती डबा वाजवत गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आली. परतताना दारात थांबली. बोलणं बंद असूनही तिनं विचारलं, "पाहिलास का गं त्याला?"

"माझं काय काम त्याच्याशी?" धाकटीनं पायडल दाबलं. मशीनच्या खडखडाटात पुढचं काही ऐकू आलं नाही.

आठवडाभरात धाकटीच्या पोटऱ्या लाल गाठींनी भरल्या. तिनं चादरी उकळल्या, कोपऱ्यांत मीठ टाकलं, फिनाईलनं फरशी दोनदोनदा पुसली. काहीच फरक नाही. उलट सकाळी पलंगावरून पाय खाली टाकला की घोट्यांवर काळे ठिपके उड्या मारायचे. वरही काही वेगळं नव्हतं. थोरली जिन्यावरून उतरताना एका पायानं दुसरा पाय खाजवायची आणि धाकटी दिसली की तसंच अवघडून थांबायची.

शेवटी धाकटीनं फवारणीवाल्याला बोलावलं. सुकलेला, कमी बोलणारा माणूस. त्यानं गुडघ्यापर्यंत पांढरे मोजे चढवले आणि खोल्यांमधून नुसता चालत फिरला. परत आला तेव्हा मोज्यांवर कुणी मोहरी शिंपडल्यासारखं दिसत होतं.

"घरात मांजर-कुत्रं?"

"वर बोका होता. आता नाही."

"किती दिवस झाले?"

"अठरा."

त्यानं मान डोलावली. "तरीच. बोका होता तोवर त्यांचं पोट त्याच्यावर भरत होतं. तो गेला, आता तुमच्याशिवाय आहे कोण? फटींत कोश आहेत, ते जमीन हादरली की फुटतात. या मशीननं तुम्ही रोज त्यांना उठवताय, बाई."

"ऐकलंस?" जिन्यावरून आवाज आला. थोरली मधल्या पायरीवर उभी होती. पण तिच्या चेहऱ्यावर जिंकल्याचा आनंद नव्हता. ती बोटांवर काहीतरी मोजत होती.

"मी रविवारपासून धरते," ती हळू म्हणाली. "सोळा होतात. तू अठरा कशी म्हणालीस?"

धाकटीची नजर मशीनशेजारच्या जाड कापडी पिशवीकडे गेली. थोरलीनं तेही पाहिलं.

फवारणीवाला मोजे उलटे करून पिशवीत भरत राहिला. "दोन्ही मजले एकाच दिवशी करावे लागतील," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "आणि जनावर परत आणणार असाल तर त्यालाही औषध लावून."

"कुठं सोडलास?" थोरलीनं विचारलं.

"मासळी बाजारात."

"चल. आणि पिशवी घे, ज्या पिशवीतून नेलास तीच."

बसमध्ये दोघी वेगवेगळ्या बाकांवर बसल्या. बोका गोदामामागंच सापडला, एका कोळणीच्या पाटीशेजारी. एक कान फाटलेला, पण पोट गोल. थोरलीनं हाक मारली. त्यानं एकदा बघितलं आणि पुन्हा माशाच्या शेपटीत तोंड घातलं. थोरलीचा चेहरा पडला. कोळीण हसली. "आता तो आमचा झाला, बाई."

"तू धर," थोरली धाकटीला म्हणाली.

"मला फाडून काढेल तो."

"काढू दे."

धाकटीनं धरला. मनगटापासून कोपरापर्यंत तीन लांब ओरखडे उठले, पण तिनं सोडला नाही. थोरली हाताची घडी घालून बघत राहिली. रुमालसुद्धा दिला नाही. घरी पोचल्यावर जनावरांच्या डॉक्टरांकडून आणलेली औषधाची नळी तिनं धाकटीपुढं धरली. बोक्याच्या मानेवरचे केस बाजूला करून औषधाचे थेंब धाकटीलाच सोडावे लागले, रक्ताळलेल्या हातांनी.

फवारणीच्या दिवशी चार तास घर बंद ठेवायचं होतं. दोघी समोरच्या बंद दुकानाच्या पायऱ्यांवर बसल्या. एक वरच्या टोकाला, एक खालच्या. करंडीतला बोका थोरलीच्या पायाशी होता. घराच्या खिडक्यांच्या फटींतून औषधाचा कडू वास रस्त्यापर्यंत येत होता.

तासाभरानं धाकटीनं घसा खाकरला. "जाऊबाई..."

"माफी मागणार असशील तर मागू नकोस," थोरली समोर बघत म्हणाली. "मागितलीस तर मला माफ करावं लागेल."

धाकटी हातावरच्या ओरखड्यांकडे बघत म्हणाली, "तुम्ही एकट्याच होतात. मला कळत होतं, तो तुम्हाला कोण आहे ते. कळत होतं म्हणूनच नेला."

थोरलीनं पहिल्यांदाच मान वळवून तिच्याकडे बघितलं. बराच वेळ. "हे मात्र खरं बोललीस," ती म्हणाली आणि करंडी उचलून रस्त्याच्या पलीकडे उन्हात जाऊन उभी राहिली.

पंधरा दिवसांनी दुसरी फवारणी झाली आणि पिसवा संपल्या. दवाखान्याचं काम परत आलं नाही. धाकटी आता पडदे शिवते. थोरलीनं जिन्याला नवं दार बसवून घेतलं. त्याची कडी तिच्या बाजूनं आहे.